शुद्धिपत्र

पाचशे प्रती म्हापशाहून आल्या
कदंबाच्या टपावर, ताडपत्रीत बांधून,
आणि पहिलंच पान उघडलं तर
'स्वर्गातील बापा' हवं तिथं
'स्वर्गातील पापा'.

प्रुफं मीच तपासली होती.
दोनदा. एकदा भात शिजताना,
एकदा क्लेमेंत डार्करूममधून ओरडत असताना
की लाल दिवा गेला, बल्ब आण.

तो काही बोलला नाही.
हळदोण्यात त्याला फोटोवाला म्हणतात,
पुस्तकं हे माझं खूळ, सावंतवाडीहून आणलेलं.
त्यानं एवढंच विचारलं, किती अडकले?
मी आकडा सांगितला.
तो उठून खिडकी लावून आला.

आमचं असं आहे, लग्नं पुस्तकांना पोसतात.
जानेवारीतल्या एका नवरीचा आल्बम
म्हणजे नोव्हेनाची एक पुस्तिका.
चाळीस दिवसांच्या उपासात लग्नं नसतात,
तेव्हा आम्हीही उपाशी, पण भक्तीनं नव्हे.
मग पहिल्या कम्युनियनची पोरं,
पांढरे बूट, हातात मेणबत्ती,
नेमकं बटण दाबताना एकाला शिंक.

आणि वर्षभर, न सांगता, मरणं.
लोक कुणाच्या तरी लग्नाचा ग्रुप फोटो आणतात,
बोट ठेवतात: हा. एवढाच काढून द्या,
महिन्याच्या मीसला वाटायचाय.
क्लेमेंत ब्लेडनं कापतो.
चेहरा सुटा होतो, पण खांद्यावर
कुणाचा तरी हात राहतोच,
चार बोटं, एक अंगठी.
तो हात काढा, म्हणतात. तो काढतो.
रात्री केर काढताना
फरशीवर मला बोटं सापडतात.

फादर आनास्तास म्हणाले, शुद्धिपत्र लावा.
म्हणून खळ शिजवली,
तांदळाएवढे ब छापून घेतले,
चिमट्यानं उचलायचे, प वर बसवायचे.
पंखा बंद, नाहीतर उडतील.
धाकटी रोविना चिमटा धरूनच झोपली.
तीनशे बाराव्या प्रतीला खळ संपली
आणि मी चिडून म्हटलं,
आता पुढचं बापाला कळेल!
क्लेमेंत हसला,
त्या आठवड्यात पहिल्यांदा.

उरलेल्या तशाच विकल्या, अर्ध्या किमतीत.
इथं बहुतेकांची प्रार्थना रोमी अक्षरांत;
देवनागरी मागणारे थोडे,
त्यातली एक एस्पेरांस माय,
चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेली.
आठवड्यानं ती काठी टेकत परत आली.
मी पैसे परत द्यायला ड्रॉवर उघडला.
ती म्हणाली, बाई, बरं छापलंस.
आमचा पापा तारवटी होता,
दोन-दोन वर्षं आगबोटीवर.
त्याला बाप कोण म्हणायचं?
बाप म्हणजे शाळेच्या फॉर्मावरची ओळ.

दुसऱ्या आवृत्तीत मी चूक सुधारली
आणि तिला एक प्रत नेऊन दिली, फुकट.
तिनं पान उघडलं, मिटलं,
मला नारळाची वडी दिली.

परवा तिचा मुलगा आला, कुवेतहून,
नातीच्या लग्नाचा फोटो घेऊन.
बोट ठेवलं: ही.
क्लेमेंतनं ब्लेड उचललं
तसा तो म्हणाला, खांद्यावरचा हात राहू दे.
कुणाचा आहे? मी विचारलं.
ठाऊक नाही, म्हणाला. पण राहू दे.

कार्डावर कुठली ओळ घालायची ते दाखवायला
त्यानं मायची पुस्तिका काढली,
दुसरी आवृत्ती, सुधारलेली.
पहिल्या पानावर
माझ्या शुद्ध ब वर पेन्सिलीची काट
आणि डोक्यावर, चौथीतल्या अक्षरात,
प.

तिसऱ्या आवृत्तीची प्रुफं आज आली आहेत.
भात चुलीवर आहे.
आतून क्लेमेंत विचारतो, झालं का?
एक अक्षर राहिलंय, मी म्हणते.