शेवटचा हात

सर्व्हिसिंगहून आली तेव्हा गाडी धुतलेली होती,
डॅशबोर्डवर लिंबाच्या वासाची बाटली,
पायाशी कागद, त्यावर कुणाचा तरी बूट उमटलेला.
बिलात ऑइल, एअर फिल्टर, चार प्लग,
आणि ‘जनरल चेकअप’,
ज्याचा अर्थ मी विचारला नाही.

धावताना छान.
उभी राहिली की थरथर.
व्हरायटी चौकात, मे महिन्यात,
सिग्नलवर बांधलेल्या हिरव्या जाळीखाली
सुई आठशेवरून पाचशेवर घसरायची,
दचकून अकराशेवर चढायची, पुन्हा खाली.
खणातली सुटी नाणी वाजायची.
एसी लावला तर बंदच.
मग काचा खाली, गाडी न्यूट्रलला,
एक पाय ब्रेकवर, एक अ‍ॅक्सिलरेटरवर,
आणि मागून बसचा हॉर्न.

वर्धा रोडच्या पोराने बॉनेट न उघडताच सांगितलं,
“नवीन प्लग आहे मॅडम, सेट व्हायले टाइम लागते.”
दिले आठ दिवस.
शेजारच्या उमाठेंनी पेट्रोलला दोष दिला,
त्यांच्या बायकोने उंदराला.
भावजींनी, जे स्वतः स्कूटी चालवतात,
इंजिनच उतरवायला सांगितलं.

मी मेयोत ईसीजी काढते. एकोणीस वर्षं.
कागदावरची रेघ थरथरली
की नवे डॉक्टर पेशंटकडे बघतात,
मी क्लिपकडे.
बहुतेकदा क्लिपच असते.
नाहीतर जेल सुकलेलं,
नाहीतर कूलरसमोर कुडकुडणारे आजोबा.
हे सगळं मला ठाऊक होतं,
तरी आठ दिवस
मी इंजिनच्या काळजालाच धरून बसले होते.

निमजे पाचपावलीच्या पुलाखाली बसतात.
किती किलोमीटर झाले, कधी बंद पडते,
काही विचारलं नाही.
“कोनाचा हात लागला होता इले, शेवटचा?”

मी बिल पुढे केलं. चष्मा नव्हता, वाचलं नाही.
हातभर रबरी नळी घेतली,
एक टोक कानात घातलं,
दुसरं चालू इंजिनवरून फिरवायला लागले,
हळूहळू, श्वास रोखून.
(मला हसू आलं. ते माझ्या ओळखीचं होतं.)
फिल्टरच्या डब्यामागे नळी थांबली.
“ऐका.”

दातांमधून कुणी श्वास ओढावा
तसा बारीक आवाज.
करंगळीएवढा एक पाइप,
डबा उघडताना काढलेला,
लावायचा राहून गेलेला.
निमजेंनी त्या भोकावर अंगठा ठेवला.
थरथर थांबली.
उचलला, सुरू.
ठेवला, थांबली.
तीनदा केलं. तिसऱ्यांदा फक्त मजा म्हणून.

“हवा घेऊन राहिली होती.
इकडून येते ते मोजून येते,
तिच्या हिशोबानं पेट्रोल सुटते.
हे इकडून न मोजता घुसली.
मशीन बिचारं हिशोब जुळवून राहिलं.”

त्या ‘बिचारं’पाशी मी अडकले.
म्हणजे आठ दिवस, प्रत्येक लाल दिव्याला,
आत कुणीतरी भिशीची वही उघडून बसलं होतं,
पैसे का जुळत नाहीत म्हणून
पुन्हा पहिल्यापासून मोजत.

पाइप बसवला, क्लिप आवळली,
पेचकसाचा अर्धा फेरा.
पन्नास सांगितले,
सुटे नव्हते म्हणून शंभर घेतले.

त्या पोराला फोन करून झापायचं ठरवलं होतं.
नंबर काढला, आणि आठवलं,
एकदा रात्रपाळीत मीच
डाव्या-उजव्या हाताच्या क्लिपा उलट लावल्या होत्या.
हिवरकर नावाचा धडधाकट माणूस
एक रात्र उगाच मॉनिटरखाली झोपला,
त्याची बायको बाहेर बाकावर.
सकाळी मी काही बोलले नव्हते.
त्या पोरालाही नेमकं तेव्हाच
कुणी डबा खायला हाक मारली असेल.
फोन पर्समध्ये टाकला.

परतताना पुन्हा तोच चौक,
तीच हिरवी जाळी, नव्वद सेकंद.
नाणी गप्प.
इतकं शांत, की मला वाटलं बंद पडली.
मी किल्ली फिरवली.
कर्रर्र.
चालूच होती.
शेजारच्या ई-रिक्षातल्या तिघीजणी वळून बघायला लागल्या.
“सॉरी,” मी म्हटलं,
त्यांना नाही.