सातवी चांदणी

जालन्यात, शाळांचे बिल्ले भरून देणाऱ्या
मुश्ताकभाईंच्या दुकानात आम्ही चित्र पसरलं:
वर उपग्रह, खाली काळी जमीन,
मधे आमचं उपकरण, मातीची ओल वरून मोजणारं,
आणि कडेने सात चांदण्या, माणशी एक.

"मशीनला सुया नऊ. नऊच रंग," ते म्हणाले.
"आणि हा काळा कुठला? केसांचा, का छत्रीचा?"
रावसाहेबने खिशातून ढेकूळ काढलं, परतूरचं.
त्यांनी ते दिव्याखाली धरलं, बोटांनी चुरलं,
आणि काळ्यात जांभळा दोरा ओवला.

चार दिवसांनी नमुना बघून
मी हळूच म्हणालो, चांदण्या सहाच करा.
यशोधरा गेली. मार्चमध्येच.
सर्किटचे सगळे सांधे तिचे होते,
भिंगाखाली, श्वास धरून केलेले.

भाईंनी कातर उचलली,
टाक्यांवर अंगठा फिरवला.
"उसवतो. पण भोकं राहतील बघा."

राहू द्या म्हणालो.

आता शर्टावर चांदण्या सात, माणसं सहा.
सातवा बिल्ला प्रयोगशाळेच्या खणात आहे,
सोल्डरच्या तारेशेजारी.
तिचा नवा पत्ता कुणाकडेच नाही,
निदान सगळे तसं म्हणतात.