त्यांचं बेचाळीस, आपलं शेहेचाळीस

फोंड्याला वरच्या बाजारात माझं मोटर गुंडाळायचं दुकान.
पंखे, बागायतीचे पंप, चवथीच्या तोंडावर जळणारे मिक्सर.
तिथे रायचा इनास फुर्तादो
टॉवेलात बेस गिटार घेऊन आला.
टॉवेलावर कुठल्याशा बोटीचं नाव, अर्धं धुऊन गेलेलं.

भाऊ तारवटी होता, त्याने कोबेहून आणलेली.
चाळीस वर्षं लग्नं वाजवली, आता मुकी.
मी मीटर लावला. तारांखाली दोन काळ्या डब्या :
एकीत साडेपाच हजार ओहम,
दुसरीत काटा हललाच नाही.
खारं वारं. आत तांबं हिरवं पडलेलं
आणि केसाहून बारीक तार तुटलेली,
कुठे, ते तिलाच ठाऊक.

जावयाने परदेशातून दोन पिकअप पाठवले होते.
पहिला सिरॅमिक चुंबकाचा. जोडला,
तर पाटावर बसायच्या आधीच
जेवण कसं झालंय सांगणारा पाहुणा.
दुसरा महाग, अल्निकोचा. खोक्यावर लिहिलेलं, जुना आवाज.
स्क्रूंनासुद्धा मुद्दाम गंज चढवून दिलेला.
मी म्हटलं, इनासबाब,
आमच्याकडे हा फुकट मिळतो.
तो हसला नाही. चांगला होता तो पिकअप,
खोटं कशाला बोलू.

तरी म्हटलं, जुनाच गुंडाळून बघतो.

तारेपासून घोळ. पुस्तकात बेचाळीस गेज,
मी बेचाळीसच आणली, तर डबीत निम्मीसुद्धा मावेना.
मग कळलं, त्यांचं बेचाळीस म्हणजे आपलं शेहेचाळीस.
मडगावचा दुकानदार म्हणाला, एवढी बारीक
कुणाला हवी, मुंगीला पंखा बसवतोस?

शिलाईमशीनची मोटर, पायाखाली पेडल,
वेढे मोजायला मुलीचा जुना कॅल्क्युलेटर.
दुकान बंद करून रात्री, पंखासुद्धा बंद,
कारण वाऱ्याने तुटते.
श्वास घेतला की तुटते.
दहा हजार हवे होते, नऊ हजार सहाशेला रीळ संपलं.
दुसऱ्या डबीचेही मग तेवढेच ठेवले,
म्हटलं, भावाभावांत कमीजास्त नको.
वर मेण ओतायचं. ते इनासनेच आणलं,
कपेलातल्या मेणबत्त्यांचे थुटके, पिशवीभर.

मला बेसमधलं काय कळतं?
मला घुमट कळतं.
घोरपडीचं कातडं बंद झालं, बकरीचं आलं,
तेव्हा आमचे वडील दोन चवथी वाजवायला बसले नाहीत.
तिसऱ्या चवथीला बसले.
म्हणाले, पावसात जरा ढिलं पडतं.
एवढंच म्हणाले.

तिन्ही पिकअप आळीपाळीने लावले.
इनास एकच स्वर छेडायचा, खालचा,
आणि भिंतीकडे बघायचा.
शेवटी म्हणाला, सगुणा, खरं सांगू?
मी तो आवाज ऐकलाच नाही कधी.
मी ड्रमच्या बाजूला उभा असायचो, कान भरलेले.
समोरून ऐकला तो एर्मेलीनने.

दुसऱ्या दिवशी एर्मेलीनबाई आली,
रायहून, दोन बस बदलून.
कानातलं यंत्र काढलं, पर्समध्ये टाकलं,
आणि स्पीकरच्या फळीवर तळवा ठेवला.
सिरॅमिक. हो न्हय.
महागडा. तिने थोडा वेळ लावला. हो न्हय.
मग माझा, चारशे वेढे कमी असलेला.
तिने तळवा उचलला नाही.
म्हणाली, हाच. ह्यातच
ह्याच्या चुका ऐकू येत नसत.

इनास कितीतरी वेळ गिटारच्या मानेवरची धूळ पुसत होता.
धूळ नव्हती.
मग त्याने पैसे विचारले, आणि मी अडलो.
माझ्या बिलबुकात तीनच रकाने :
पंखा, पंप, मिक्सर.
मिक्सरवर खूण केली, साडेतीनशे लिहिले,
आणि गॅरंटी सहा महिने
खोडून टाकली.