पुलावरची रात्रपाळी

गुरुवारची रात्र नेवझेताची.
लाकडी पूल, पत्र्याची शेगडी,
तळाला कॉफी करपलेलं भांडं
आणि टाचेपाशी अडलेला एक मोजा.

सारायेव्होहून आलेला साहेब म्हणाला होता,
नदी कुठं जात नाही हो बायांनो,
नुसती पाइपातून जाईल.
आणि आवाज? शेफिकानं विचारलं.
तो कागद चाळत राहिला.

त्याला झाल्या दोनशे अकरा रात्री.
वळणावरच्या बुलडोझरच्या फावड्यात बर्फ साचलाय,
पोरं त्यावरून घसरतात.

म्हाताऱ्या झेयनाला ऐकू येत नाही,
लढाईपासून.
ती हातमोजे काढून
कठड्यावर तळहात टेकते.
पहाटे, शेगडी विझताना,
कुणीतरी खुणेनं विचारतं.
झेयना लगेच उत्तर देत नाही.
मग मान डोलावते.
आहे.