मीटरखोली, शाहूपुरी

बेचाळीस मीटर, दोन लिफ्ट, एक पंप.
नकाशावर पेन्सिलीनं चौकोन काढला: गेटवे.
त्यातून निघालेली दोन तारांची एकच वेल,
मीटरनं मीटरचा हात धरलेला,
शेवटच्याच्या गळ्यात एकशेवीस ओहमचा ताईत.

तळघरात रेंजची एक काडी,
तीही दार उघडं असेल तर.
म्हणून अँटेना जिन्याच्या झरोक्याशी,
लिफ्टच्या केबलपासून चांगली लांब;
नाहीतर लिफ्ट हलली की आकडे बोबडे होतात.

खडूनं भिंतीवर फुली मारली. गेटवे इथं.

"हितं नको वो म्याडम,"
रात्रीचे वॉचमन, रसूल शिकलगार.
किल्ल्यांचा जुडगा दुसऱ्या हातात घेतला
आणि मोकळा हात माझ्या डोक्याच्याही वर,
नव्या रंगातून डोकावणाऱ्या
एका मातकट रेघेवर ठेवला.
"पाणी हितवर आलतं.
मीटर बुडाले तर बुडूद्यात,
बोलणारं डबडं तरी कोरडं ऱ्हाऊ दे की."

आता गेटवे पहिल्या मजल्यावर,
सायकलींच्या मागं.
केबल बावीस मीटर जास्त.
सेक्रेटरी पोतनीस विचारणारच, कशाला?

एखाद्या श्रावणात पंचगंगा पुन्हा गल्लीत शिरेल,
खालून एकेक मीटर गप्प होईल,
आणि वरचं डबडं बॅटरीवर जागं राहून
कोण किती वाजता गप्प झालं
तेवढं लिहून ठेवेल.

अंदाजपत्रकात 'कारण' असा रकाना आहे.
पेन्सिल तिथं थांबली.
"साडेसहा फूट," मी लिहिलं,
मग खोडून,
"शिकलगारांचा हात."