सातवी

आसरा सात असतात, एवढं तर तुला ठाऊक असेल.
पाण्याकाठी सात दगड, सात शेंदराचे ठिपके,
हिरव्या बांगड्या, खण, आणि कुणीतरी पुटपुटलेलं,
"पोरीवर नजर नको गं, बायांनो."

पण गोदेवरच्या आता सहाच उरल्या होत्या.

सातवीचा झरा पात्रातच होता.
काँक्रीट ओतलं तेव्हा ती आत झोपलेली.
पहाटे तीननंतर, भाजीबाजाराची कुत्रीही गप्प झाली की
गाडगे महाराज पुलाखाली
तिची नखं वाजतात. खालून.
मी ऐकलंय.

बाकीच्या वर आल्या. काय करणार?
एक द्वारकेला, फ्लायओव्हरखाली,
शेअर रिक्षाच्या रांगेत उभी असते, कुठेच जात नाही.
एक सातपूरला तिसऱ्या पाळीत;
हजेरीचं मशीन तिचा अंगठा घेत नाही,
तो कायम सुरकुतलेला, पाण्यातून आत्ताच काढल्यासारखा.
एक कॉलेज रोडच्या कॅफेत, पण फक्त काचेत.
दोघी एकाच स्कूटीवर. रस्ता कोरडा, आणि मागे ओली रेघ.
सहावीचं कुणी बोलत नाही.

हे सगळं सुरंगीनं सांगितलेलं,
आयटीआयच्या कट्ट्यावर, वेल्डिंगची काच कपाळावर सरकवून,
चिवड्यातले शेंगदाणे माझ्याआधी वेचून खात.
तिच्या मनगटावर ठिणगीचा डाग होता, तांदळाएवढा.
"आणि ऐक, वैजे. नाव विचारलं तर आपलं सांगायचं नाही."
"मग कुणाचं?"
"कुणाचंही. सुचेल ते."
आणि ती हसली.
मीही हसले.

आठवड्यानं गंगापूर रोडला स्कूटी थांबली माझ्याशेजारी.
साडेअकरा वाजले होते. माझ्या फोनला तीन टक्के बॅटरी.
मागे बसलेलीनं ओढणी बाजूला केली.
तिच्या केसांत शेवाळ होतं, आणि चेहरा इतका सुंदर
की मला आधी रडूच आलं.
"नाव काय गं तुझं?"

सुचलं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सुरंगीच्या बाकावर ओल होती.
पोलिसांनी फोटो घेतला, चप्पल घेतली,
मित्र कोण, भांडण झालं होतं का, विचारलं.
तिची आई मला मिठी मारून म्हणाली,
तुझ्याशी तर ती सगळंच बोलायची ना.
मी हो म्हटलं.
बाई, त्या 'हो'ची चव अजून गंजासारखी लागते.

मग धरणातून पाणी सोडलं.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं
आणि अख्खं शहर मोबाइल उंचावून पुलावर.
मी सगळे गेल्यावर खाली उतरले.
त्या पायरीवर बसल्या होत्या, केस पिळत.
मोजल्या. सात.

सातवी माझ्याकडे वळली.
हिरवा चुडा, पाण्याचे डोळे,
ओळखीचा कणही नाही त्यांत.
फक्त चुड्याच्या वर, मनगटावर, तांदळाएवढा डाग.
"नाव काय गं तुझं?" तिनं विचारलं,
गोड आवाजात, जसं शिकवलं असेल तसं.

खरं सांगायचं तर पळायला जागा होती.
मागे पायऱ्या होत्या, वर पिवळा दिवा,
चहावाल्याचं शटर अर्धं उघडं.
पण जिभेवर अजून तेच नाव बसलेलं,
दीड महिना, गिळता न आलेलं.

मी ते तिला परत दिलं.
"सुरंगी."

ती दचकली. हात पाहिले स्वतःचे.
चुडा एकदम फुटला, आणि ती खोकली,
नळाला बऱ्याच दिवसांनी पाणी यावं तशी,
आधी हवा, मग गढूळ, मग रडणं.
"वैजे," ती म्हणाली.

मोठ्यांदा म्हणाली.
सगळ्यांसमोर.

नदी क्षणभर वाजायची थांबली.
काँक्रीटखालची नखंसुद्धा.
आणि त्या सहा जणींनी
एकाच वेळी
माझ्याकडे पाहिलं.