डिंक

नगरपंचायतीच्या दारावर मी हुकूम चिकटवतो.
वरचा कोपरा वाऱ्यानं उठतो,
तळव्यानं दाबून धरतो.

आत तेरा विरुद्ध चार.
सातवा नळ तोडायचा ठरला,
ठगूबाई भिलाच्या दारापुढचा.
रीतसर, सूचक-अनुमोदकासह;
चहाबरोबर शेवही होती म्हणतात.

तेरांतल्या एकाला माझंही मत होतं.
तोच बाहेर येतो, राजधर आप्पा.
कागद वाचत नाही, मला विचारतो,
"आम्हले लोकेसनी निवडं.
तुन्हा सायेबले कोनी निवडं, लोटन?"

बेलीफानं उत्तर द्यायची तरतूद नाही.
मी बाटलीचं बूच लावतो.

पण साक्रीहून निघालो की
पांझरेच्या पुलापर्यंत प्रश्न मागच्या सीटवर बसून येतो.

आमच्या गावच्या फडावर आजा पाटकरी होता.
पाणी त्याचं नाही, बंधारा त्याचा नाही,
त्या फडात त्याचं वीतभर रान नाही,
म्हणूनच तर त्याला ठेवलेला.
यंदा ऊस की गहू, ते गाव बसून ठरवी,
आजा कोपऱ्यात तंबाखू मळत ऐके.
पण शेवटच्या वाफ्याची बारी
हात वर करून कुणाला पुसता येत नव्हती.
एकदा वरच्यांनी तेही करून पाहिलं, एकमतानं.
तेव्हा फावडं आडवं टाकून
आजा रात्रभर पाटात बसला, कमरेइतक्या गारठ्यात.

(एका उन्हाळ्यात तो झोपलाही होता,
पायलीभर बाजरी घेऊन.
घरात हे हळू आवाजात सांगतात.)

वस्तीवर नक्कल द्यायची असते.
ठगूबाई कागद नातीकडे देते.
नात अडखळत वाचते :
पुढील आदेशापर्यंत परिस्थिती जैसे थे.
"म्हंजे?"
म्हणजे नळ राहील, मी सांगतो.

ती नळ सोडून दाखवते.
आतून हवा खाकरते.
एक थेंब तोटीला लोंबतो, पडत नाही.
"कागद चांगला शे," ती म्हणते,
"पन पानी कवय यी?"

साहेब 'तोडू नका' म्हणू शकतात.
पाइप, पंप, पैसा
त्याच दारामागे आहे,
आप्पांच्या खुर्चीजवळच्या कपाटात,
आणि ते कपाट उघडायचं
तर पुन्हा तेराच हात लागतील,
कदाचित नऊ.

पोच म्हणून ती अंगठा उठवते.
मी कागद घडी करू पाहतो.
बोटांवरचा डिंक अजून ओला;
हुकूम माझ्याच हाताला चिकटून राहतो.